एका रिकाम्या जागेचं कारण

धाकट्याने फाईलमध्ये एक स्पेस, म्हणजे नुसती रिकामी जागा, टाकली. बदलाच्या कारणात लिहिलं: 'दादा, जेवलास का?' आणि धाडून दिलं. दादा त्याच टेबलाच्या पलीकडे, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ बसला होता. त्याने ती जागा पुसली आणि पुसण्याचं कारण लिहिलं: 'डबा तू विसरलास. माझ्यातला अर्धा ठेवलाय.'

हा वेडेपणा होता, पण शिस्तीतला होता.

दोघे भाऊ एका भाड्याच्या खोलीत बसून लोकांना प्रोग्राम लिहून देत. अबोला जुना. दादा एकदा भरल्या सभागृहात गायला बसला आणि ऐन आलापात धाकटा फिदीफिदी हसला, एवढंच निमित्त. त्या दिवसापासून दादाने गाणंही सोडलं आणि भावाशी बोलणंही. अगदीच अडलं तर दोघे पंख्याकडे बघून सांगत, "ज्याने चार्जर नेला असेल त्याने आणून ठेवावा." पंखा बिचारा ऐकून घेई.

मग दातांच्या डॉक्टर बाईंचं काम आलं. पेशंटच्या वेळा लावून देणारा प्रोग्राम हवा होता, मुदत महिन्याची. नवं काम आहे, एकदा नीट सुरुवात करावी म्हणून धाकट्याने व्हर्जन कंट्रोल बसवलं. कुणी काय बदललं आणि का बदललं, हे सगळं ते जपून ठेवतं. फक्त आधी काहीतरी बदलावं लागतं, तेव्हा कुठे कारण लिहिता येतं.

पहिल्या दिवशी धाकट्याने लिहिलं, 'बटण डावीकडे नेलं.' दुसऱ्या दिवशी दादाने ते उजवीकडे आणलं आणि लिहिलं, 'डावं-उजवं कळायला अक्कल लागते.' धाकट्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अक्कल काढली तर काढली, पण दादा थेट त्याच्याशी बोलला होता. मग ते बटण दिवसभर इकडून तिकडे फिरलं. पुढे बटणाचीही गरज उरली नाही, स्पेस पुरेशी झाली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर काडीही नव्हती.

शेवटी धाकट्याने हिय्या केला. 'त्या दिवशी मी तुझ्या गाण्याला हसलो नव्हतो. पहिल्या रांगेतले अध्यक्ष डुलता डुलता खुर्चीसकट उलटे झाले.'

दादाने ती जागा पुसली. 'मग आजवर सांगितलं का नाहीस?'

'तू बोलत कुठे होतास?'

मुदत भरली आणि डॉक्टर बाई आल्या. स्क्रीनवर ते एक बटण सोडलं तर कोरं पान होतं आणि त्याच्या नावावर शेकड्यांनी बदल.

"महिनाभर काय केलंत?"

धाकट्याने मनात हिशेब मांडला. आता काम जाणार, काम गेलं की खोली जाणार आणि खोली गेली की दादाही जाणार. काय करावं ते सुचेना, म्हणून तो सवयीने एक स्पेस टाकायला कीबोर्डकडे वळला.

"त्याला काही बोलू नका," दादा म्हणाला. चक्क तोंडाने म्हणाला. "काम मीही केलं नाही. भावाशी बोलत होतो."

बाईंनी खुर्ची ओढली आणि बदलांची कारणं पहिल्यापासून वाचायला घेतली. मध्येच दवाखान्यातून फोन आला, तो त्यांनी उचलला नाही. मग चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा पहिल्या कारणापासून वाचलं.

"पेशंटच्या वेळांचं राहू द्या," त्या म्हणाल्या. "हे तिघींना चालेल का? आम्ही तीन बहिणी आहोत."