मार्ताचं बस्तान

“घोसाळ्याला गिलकी म्हणतात मेले!” अलकानं पिशवी ओट्यावर आदळली. “घोसाळी द्या म्हटलं, तर भाजीवाला नुसता तोंडाकडं बघत राहिला. दुसऱ्या गिऱ्हाइकाला डोळा काय मारतो, हसतो काय!”

शंतनू बुटांच्या नाड्या सोडत हसला, तशी ती आणखीच भडकली. मिरजेहून देवासला येऊन त्यांना चार महिने झाले होते. कारखान्याच्या कॉलनीत क्वार्टर होतं, पगार बरा होता, पण अलकाचा जीव काही रमत नव्हता. थोरल्या श्रेयसला शाळेतली हिंदी कळेना, धाकट्या उर्वीला इथलं पाणी सोसेना. अलका दार लावून घरात बसायची आणि नवरा आला की एकच धोशा लावायची, मला मिरजेला नेऊन सोडा.

“सोडतो,” शंतनू म्हणाला. “पण त्याआधी एक काम कर. समोरच्या बंगल्यात तो पोलंडचा इंजिनिअर राहतो ना, त्याची बायको मार्ता. परका देश, पदरात दोन लहान पोरं, भाषेचा गंध नाही. ती कंटाळून परत गेली, तर नवराही जाईल आणि आमचं मशीन तसंच पडून राहील. तात्यासाहेबांनी मुद्दाम तुझं नाव घेतलंय. रंगपंचमीपर्यंत तिचं बस्तान बसवून दे. मग पोरांना घेऊन खुशाल मिरजेला राहा, मी अडवणार नाही.”

तात्यासाहेब म्हणजे कारखान्याचे मॅनेजर, धारच्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांचा शब्द मोडायची शंतनूची छाती नव्हती.

“अहो, मलाच इथं काही कळत नाही. मी तिला काय शिकवणार, कपाळ?”

“तिच्यापेक्षा तर जास्त कळतं?”

हे मात्र खरं होतं. आणि मिरज डोळ्यांपुढं दिसत होती. दुसऱ्या दुपारी अलका पोरांना घेऊन समोर गेली.

मार्ता उंच, थोराड, शांत बाई. मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत बोलणं सुरू झालं. खिडक्यांचे पडदे उन्हानं विटून गेले होते. परक्या माणसाला कंपनीनं जुनेच पडदे दिले, म्हणून अलकाला उगीच लाज वाटली.

पण काय सांगावं, शिकवायला इतका माठ विद्यार्थी तिनं जन्मात पाहिला नव्हता! सांगेल त्याला “यस, अलका,” आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. मार्ताची पोरं निदान हिंदी चुरूचुरू बोलत होती. पोरांना काय, लवकर येतं. पण आई? बाजारात रोज तीच भाजी उचलायची आणि विचारायची, “अलका, धिस?”

“गिलकी! अगं बाई, गि-ल-की!” अलका भर बाजारात ओरडायची.

आता शिकवायचं म्हणजे आधी आपल्याला यायला हवं. म्हणून अलका श्रेयसच्या हिंदीच्या पुस्तकात डोकं घालू लागली. दुकानदाराशी भाव करू लागली. देवीच्या टेकडीवर जायला रिक्षावाल्यानं जास्त पैसे मागितले, तेव्हा “भिया, लूट मची है क्या?” म्हणून अशी भांडली, की मागं उभी असलेली मार्ता तोंड लपवून ओढणीत खोकू लागली. पोह्यांवर जिरावन घालून खायचं, हे दाखवायला अलकाला स्वतःला तो मसाला खावा लागला. पहिल्यांदा नाक मुरडलं, मग डबाच घरी आणला.

एकदा मार्ताच्या मुलासाठी शाळेत जावं लागलं. बाईंशी बोलता बोलता अलकानं श्रेयसचाही विषय काढला, आणि त्याला पहिल्या बाकावर बसवूनच परत आली. तरी राग यायचाच. भाजीवाला मार्ताच्या पिशवीत न मागता कोथिंबीर टाकायचा. फाटकावरचा कुत्रा अलकावर गुरगुरायचा आणि मार्तापुढं लोळण घ्यायचा. गोरी कातडी दिसली की कुत्रीसुद्धा पाघळतात, अलका मनात म्हणायची.

रंगपंचमी आली. सगळी कॉलनी रंगात बुडाली. अलकानं बादलीभर रंग मार्ताच्या डोक्यावर ओतला, आणि स्वतःही चिंब होऊन घरी आली.

“मग, मिरजेची तिकिटं काढू?” शंतनूनं विचारलं.

“काढा म्हणे! त्या बाईला अजून गॅसचा नंबर लावता येत नाही. अशी अर्ध्यावर टाकून जाऊ? मे महिन्यात बघू.”

मे महिन्यात तिनं स्वतःच सांगितलं, सुट्टीपुरते जाऊन येऊ. शाळा उघडायच्या आधी परत यायला हवं. शंतनू पेपर तोंडापुढं धरून बसला.

जूनमध्ये शेजारच्या क्वार्टरपुढं सामानाचा ट्रक थांबला. चिपळूणहून बदलून आलेलं जोडपं होतं, दोन कच्चीबच्ची. नवरा हमालांमागं धावत होता आणि बायको, शिवानी तिचं नाव, धाकट्याला मांडीवर घेऊन ट्रंकेवर बसून रडत होती.

“मला नाही राहायचं इथं,” ती म्हणत होती. “कुणाचं बोलणं कळत नाही. मला घरी नेऊन सोडा.”

फाटकाशी अलका आणि मार्ता उभ्या होत्या. चार महिने दार लावून बसल्याचे ते दिवस अलकाला जसेच्या तसे आठवले. मार्ता बिचारी काय समजणार, म्हणून ती तिला सावकाश इंग्रजीत म्हणाली, “पुअर गर्ल. यू वेट. आय गो, आय टीच हर.” आणि पदर खोचून निघाली.

मार्तानं तिचा दंड धरून तिला मागं ओढलं. इकडंतिकडं पाहिलं, आणि कानाशी लागून इथल्याच हिंदीत घडाघडा म्हणाली, “अरे भाभी, सिखाने मत जाओ, सीखने जाओ! उसके सामने अपने को कुछ नी आता, समझीं?”