चुकीच्या मथळ्याखाली

वडिलांना ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन चाळीस मिनिटं झाली होती, आणि मुलीच्या हातातल्या कागदावर ते कालच वारले होते.

कागद तिनेच टाइप केलेला. दर शनिवारी चर्चसाठी प्रार्थनेची यादी तीच करायची. वर 'आजारी', मध्ये 'सुखरूप बाळंतपणासाठी', शेवटी 'प्रभूमध्ये विसावलेले'. काल वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. अॅम्ब्युलन्सची वाट बघता बघता तिने त्यांचं नाव टाकलं, ते थेट शेवटच्या मथळ्याखाली, आणि यादी तशीच चर्चला गेली. 'आजारी'खाली गेल्या आठवड्याचेच तिघे राहिले. त्यातला एक तर बरा होऊन सहलीला गेला होता.

"आई, उपासना संपली असेल गं. दोनशे माणसांनी एकदम आमेन म्हटलं असेल. आणि इकडे उलटं मागणाऱ्या आपण दोघीच."

"देवाकडे मतदान नसतं," आई म्हणाली. तिच्या मुठीत वडिलांच्या कवळीची डबी होती. सकाळपासून तिने ती खाली ठेवली नव्हती.

तेवढ्यात चर्चचे घंटावाले काका आले. काळा कोट, हातात पुष्पचक्र.

"वहिनी, धीर धरा. फार भला माणूस होता."

"आहेत अजून!" मुलगी ओरडली. "आत आहेत!"

काकांनी थिएटरच्या दाराकडे पाहिलं, मग पुष्पचक्राकडे. "अरे देवा. पाळकसाहेब तर उपासनेत रडले हो. मंडळी बसने इकडेच निघालीय." फुलं सारखी करत म्हणाले, "आणि फुलवाला हे परत घेणार नाही."

"माझ्याच हाताने झालं, काका," मुलगी म्हणाली. "देवाने तेच खरं धरलं तर?"

"मागे तू पाळकसाहेबांना बाळंतपणाच्या यादीत घातलं होतंस," आई म्हणाली. "त्यांना कळा आल्या का?"

मुलीला हसू आलं नाही.

"त्याची दया तुझ्या टायपिंगवर चालत असती, तर आपली मंडळी केव्हाच संपली असती. द्या ते इकडे, भावजी."

आईने पुष्पचक्र मांडीवर घेतलं. आधी काळी फीत ओढून काढली. मग डबी न सोडता, एकाच हाताने, तारेतून एकेक फूल सोडवायला लागली. कोपऱ्यात झाडूवाल्या बाईंची रिकामी बादली होती.

"जा, पाणी भरून आण. ते शुद्धीवर येतील तेव्हा सुकलेली नकोत."

थिएटरवरचा लाल दिवा तसाच होता. मुलगी बादली उचलून नळाकडे निघाली. आई फुलं सोडवत होती, आणि तिच्या दुसऱ्या मुठीतल्या डबीत कवळी कडकड वाजत होती. पार नळापर्यंत ऐकू येत होतं.