टाकीतलं थिनर

वीज गेली आणि टँकरच्या तोंडावर आत हवा सोडायला लावलेला पंखा फिरत फिरत थांबला. सावलीत बसलेल्या जानरावांनी वर पाहिलं. उठले मात्र नाहीत.

टाकीच्या आत राजकुमार होता. थिनरच्या बोळ्याने पत्रा पुसत होता. पत्रा कोरडा झाला की आतून रंग मारायचा होता. त्याच्या काखेतून बांधलेल्या दोराचं दुसरं टोक हातात धरून जानरावांनी झाकणापाशी उभं राहायचं, असं दुकानाचे मालक शेखर सकाळीच सांगून आत दुकानात गेले होते. जानरावांनी ते टोक शिडीला बांधलं होतं.

धाड गावात रंगाचं काम म्हटलं की तीस वर्षं जानरावांचं नाव निघायचं. सहा महिन्यांपूर्वी जळगाव जामोदहून हा राजकुमार आला. आज सकाळी अर्जुनराव ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊन आले. ती ट्रॉली जानरावांनी दोनदा रंगवलेली. अर्जुनराव त्यांच्यासमोरच म्हणाले, "राजकुमार कुठी हाय? या खेपेले त्याच्याच हातचा रंग पाह्यजे." जानरावांनी टाकीकडे बोट दाखवलं होतं, आणि अर्जुनराव दुकानात शेखरजवळ जाऊन बसले होते. आणि आता त्याचाच दोर धरून उभं राहायचं, गड्यासारखं!

"काका, लाइन गेली काय?" आतून राजकुमारने विचारलं.

जानरावांनी कमरेची चंची काढली.

थोड्या वेळाने तो आत हसायला लागला. एकटाच. मग काहीतरी बोलला, पुन्हा हसला.

जानरावांना त्या हसण्याचा अर्थ माहीत होता. बुलडाण्याला रंगकाम करणाऱ्यांच्या शिबिरात त्यांनी ऐकलं होतं. थिनरमध्ये टोल्युइन असतं. त्यानेच रंग पातळ होतो आणि पत्र्यावर सारखा बसतो. पण त्याची वाफ हवेपेक्षा जड. बंद टाकीत ती तळाशी साचते. माणूस दारू प्याल्यासारखा हसतो, बरळतो, आणि मग पडतो.

'हासू दे,' त्यांच्या मनात आलं. 'जरा डोकं गरगरलं म्हंजे समजीन. नुसता हात साफ असून भागत नसते.'

त्यांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली. आतला आवाज हळूहळू जड झाला. मग डबा पडल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर काहीच नाही.

जानराव तंबाखू थुंकून शिडीकडे धावले. झाकणातून डोकावले तर वासाने डोळे चुरचुरले. राजकुमार तळाशी कुशीवर पडला होता.

"शेखर! अर्जुनराव! धावा!"

अर्जुनराव तोंडात बिडी घेऊन आले आणि खिशातून काडेपेटी काढली.

"फेका ते आधी!" जानराव ओरडले. "सगळे जळून मरू!"

शेखर आत उतरायला निघाले. जानरावांनी त्यांचा दंड धरला. "आत नोका जाऊ, तुमीबी पडसान. दोर वढा."

तिघांनी मिळून ओढलं. राजकुमार वर आला, तेव्हा त्याचे ओठ निळसर झाले होते. जानरावांनी त्याचा थिनरने भिजलेला शर्ट फाडून काढला, त्याला मोकळ्या हवेत कुशीवर निजवलं. श्वास होता. बारीक, पण होता.

जीपमध्ये घालून त्याला बुलडाण्याच्या दवाखान्यात नेलं. वाटेत शेखर दोनदा म्हणाले, "तुम्ही होते म्हणून वाचला हो, काका." जानरावांनी राजकुमारच्या नाकापाशी पुन्हा बोट धरून श्वास पाहिला.

डॉक्टरीणबाईंनी नाकावर ऑक्सिजन लावला, डोळ्यांत बॅटरीचा उजेड पाडला. "पंखा बंद पडल्यावर किती वेळ आत होता हा?"

"दोनक मिनिटं असन," शेखर म्हणाले. "काका तिथंच होते. लगेच वरडले."

"नक्की सांगा. त्यावर पुढचं ठरवायचंय."

शेखरांनी जानरावांकडे पाहिलं. खाटेवर राजकुमारची बोटं किंचित हलली. रंगाने माखलेली होती, जानरावांच्या बोटांसारखीच.

"पंधरा मिनिटं," जानराव म्हणाले.

बाईंचं पेन थांबलं. "आणि तुम्हाला कळलं कधी?"

"पयल्याच मिनिटाले."