खरा रोल-प्लेइंग गेम

महाडच्या सायबर कॅफेत जितेश आणि नासिरचं भांडण पार हातघाईवर आलं होतं.

"तलवार मिळते, लेव्हल वाढते, झाला की रोल-प्लेइंग गेम," जितेश म्हणाला.

"ती नुसती मारामारी हाय. खऱ्या रोल-प्लेइंगमध्ये दुसऱ्याचं आयुष्य अंगावर घ्यायला लागतं. मागे काय बोललो ते ध्यानात ठेवून पुढचं बोलायचं. एक शब्द चुकला तरी खलास."

"एवढा ताप कशाला रे? कंटाळा आला की एस्केप दाबायचं."

"दाबता आलं तर तो खरा गेमच नाय." नासिरचा आवाज असा चढला की काउंटरवरचा मालक उठून उभा राहिला.

तेवढ्यात नासिरची अम्मी धाकट्या माहरुखला घेऊन आत आली. अब्बा कतारला, दोहात नोकरीला; तिथे शुक्रवारी सुट्टी, म्हणून त्यांच्याशी चॅट करायला दोघी दर शुक्रवारी यायच्या. त्या दारापाशच्या कॉम्प्युटरवर बसल्या. नासिर मागच्या कोपऱ्यात आपल्या जागेवर गेला.



त्याने गेम बंद केला, वर्षभर ज्यांचा काहीच पत्ता नव्हता त्या अब्बांच्या नावाने लॉगिन केलं आणि अम्मीला टाइप केलं, "साजिदा, गुडघा कसा हाय आता?"