आत्याचा नंबर

"आत्या, तुझी बॅटरी किती भरली?" भाच्याने हेल्मेटचा पट्टा आवळत विचारलं.

"पाव," आत्या म्हणाली. तेवढ्यात रखवालदाराने जनरेटर बंद केला आणि चार्जरवरचा दिवा विझला.

भाच्याने कपाळाला हात लावला. डोंगरमाथ्यावरच्या या विश्रामगृहात प्लग एकच होता आणि विजेच्या एकचाक्या चार. एकेक म्हणजे सुटकेसएवढं धूड, वर ओढायला हँडल. दोन बाजूंच्या दोन पॅडलवर उभं राहायचं. पुढे झुकलं की चाक पळतं, मागे रेललं की थांबतं. काल चढ चढून येताना सगळ्यांच्या बॅटऱ्या तळाला गेल्या होत्या. पाठ टेकल्या टेकल्या बाकीचे तिघं घोरायला लागले. वायर बदलायला उठणार कोण, हे कुणी ठरवलं नव्हतं, म्हणजे ते आत्याकडे आलंच होतं. तिने आधी भाच्याचं चाक लावलं, मग भाचेसुनेचं, मग दातांच्या डॉक्टरांचं. त्यांना सगळे दातवाले म्हणत. मधल्या वेळात तिने चारही टायरमधली हवा पाहिली, एका पॅडलचे ढिले स्क्रू आवळले आणि स्वतःचा नंबर शेवटी लावला. तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही. लहानपणापासून सगळे पाण्यात उतरायचे आणि ती काठावर चपला सांभाळत बसायची.

एकचाकी मात्र तिने साठी उलटल्यावर हट्टाने शिकून घेतली होती. इमारतीच्या व्हरांड्यात भिंतीला धरून, गुडघे फोडून घेऊन. शेजारीपाजारी म्हातारचळ म्हणाले, ते तिने या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. पण काल चढावर ती फारच मागे राहिली होती. दर वळणावर तिघांना थांबावं लागलं, आणि रात्री भाच्याने अगदी प्रेमाने सांगितलं होतं, "उद्या घाट स्वतः उतरलीस तर ठीक. नाहीतर पुढच्या वेळी तुला न्यायचं की नाही, ते बघू." रात्री तिच्या डोळ्याला डोळा न लागण्याचं खरं कारण वायर नव्हतीच.

चौघं निघाले. पायवाट अरुंद, वर सुटे दगड, एका बाजूला दरी. नेहमीप्रमाणे भाचा पुढे आणि आत्या सगळ्यांच्या मागे. दोन वळणं गेली आणि भाच्याचं चाक किंचाळायला लागलं. पाठोपाठ भाचेसुनेचं, मग दातवाल्यांचं. पायांखालची पॅडलं समोरून वर उचलली जायला लागली. तिघांनी जीव मुठीत धरून उड्या मारल्या.

"बिघडली की काय तिन्ही एकदम?" दातवाले चाक आडवं धरून म्हणाले.

भाचा मोबाइलवर बॅटरीचा आकडा बघत राहिला. हळूहळू त्याचं तोंड उतरलं.

"बिघडलं काही नाही. उतारावर ब्रेक लावला की हे चाक उलटी वीज तयार करतं आणि ती बॅटरीत जाते. आमच्या काठोकाठ भरलेल्या आहेत. वीज जायला जागाच नाही, म्हणून चाक थांबायला तयार नाही."

आजवर ते घरून, म्हणजे पायथ्यावरून, भरून निघायचे. माथ्यावर चार्जिंग करायची ही पहिलीच वेळ. आयती वीज मिळाली म्हणून गच्च भरून घेतली होती, आणि हात दाखवून अवलक्षण झालं होतं.

"मग आता?" भाचेसुनेने विचारलं.

"आता पायथ्यापर्यंत पायी. ओढत."

"आणि माझं?" आत्या म्हणाली.

भाच्याने तिच्याकडे पाहिलं. "तुझं थांबेल. तुझ्या बॅटरीत जागा आहे." मग घाईने म्हणाला, "पण एकटी कुठे जातेस? आमच्याबरोबरच चल. हेल्मेटं अडकव तुझ्या हँडलला, तेवढंच आमचं ओझं कमी."

तिने सवयीने हात पुढे केलासुद्धा. मग तो मागे घेतला.

"नाही रे बाबा. मी निघते."

ती पॅडलवर चढली. खोटं कशाला बोला, तिची पाचावर धारण बसली होती. पुढे कुणाची पाठ नव्हती, रस्ता दाखवायला कुणी नव्हतं. तिने गुडघे सैल सोडले, भार टाचांवर घेतला आणि नजर चाकावरून काढून लांब वळणावर लावली. चाक आज्ञाधारक बैलासारखं सावकाश उतरू लागलं. दगड आला, गेला. दुसरा आला, गेला. तिसऱ्या वळणावर तिच्या लक्षात आलं की आपण मोठमोठ्याने हसतो आहोत. इतका आनंद आपल्या वाट्याला येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. ती काठावर नव्हती, पाण्यात होती, तेही गळ्याएवढ्या.

पायथ्याच्या छोट्या पुलावर ती कठड्यावर पाय हलवत बसली असताना बऱ्याच वेळाने तिघं आले. घामाघूम, धुळीने माखलेले, पोत्यांसारखी चाकं ओढत. दातवाल्यांचा चेहरा तर त्यांच्याच पेशंटसारखा झाला होता.

"आत्या, तू बरी आहेस ना? बॅटरी उरली का काही?" भाचा धापा टाकत म्हणाला.

"पाव होती, आता निम्मी झाली. उतरता उतरता भरली."

भाच्याने हात जोडले. "मानलं तुला. पुढच्या वेळी..."

"पुढच्या वेळी तुम्हाला न्यायचं की नाही," आत्या पॅडलवर पाय ठेवत म्हणाली, "ते मी बघते."