दातांमधली फट

गणपतरावांनी ट्रम्पेट ओठाला लावून फुंकला. फुस्स! सूर नाही, नुसती हवा.

दवाखान्यातल्या खुर्चीशेजारी उभ्या असलेल्या बनाबाई पुढं वाकून बघू लागल्या. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ आणि सिम्फनी ऑर्केस्ट्रात क्लासिकल वाजवण्यात त्यांच्या नवऱ्याची उभी हयात गेली. म्हातारपणी कोल्हापूरला परतले, वरचे दात पडले आणि ट्रम्पेट पेटीत जाऊन बसला. आता जुन्या सोबत्यांनी रविवारी मुंबईला वाजवायला बोलावलं होतं. हे नवे दात चालले तर जायचं, नाहीतर पेटी कायमची माळ्यावर.

"कवळी तर छान बसलीय, काका," दातांच्या डॉक्टर त्रिशला म्हणाल्या. "होईल सवय."

गणपतरावांनी नव्या दातांवरून जीभ फिरवली. "माझी फट कुठं हाय?"

"कसली फट?"

"पुढच्या दोन दातांतली! उभा जन्म त्यातनं फुंकलं मी. ती बुजवली कुणी?"

त्रिशलांनी बनाबाईंकडं पाहिलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"मीच सांगितलं," बनाबाई म्हणाल्या. "आपल्या लग्नात सगळी हसली हुती तुमच्या फटीला. म्हटलं, स्टेजवर फोटो तरी बरा येईल."

"फोटो काय वाजवणार हाय व्हय?" गणपतराव ओरडले खरे, पण बायकोचा चेहरा बघून त्यांनी नुसती कवळी काढून हातात घेतली.

बनाबाईंना स्वतःचाच राग आला. त्या डॉक्टरकडं वळल्या. "पाड की बाई ती फट परत."

"काकू, लोक माझ्याकडं फट बुजवून घ्यायला येतात!" त्रिशला हसल्या आणि कवळी घेऊन मशीनपाशी गेल्या.

दात घासल्याचा आवाज सुरू झाला. बनाबाईंना तिथं थांबवेना. त्या बाहेर बाकावर येऊन बसल्या आणि मनातल्या मनात जोतिबाला हात जोडले. शेजारी एकजण सुजलेला गाल धरून बसला होता.

मशीन थांबलं. पुन्हा फुस्स. पुन्हा तेच. मग एक सूर निघाला. आधी घोगरा, मग लांब, स्वच्छ. आणि त्यामागून जॅझची ती संथ धून आली, मुंबईच्या खोलीत ऐकून ऐकून बनाबाईंना पाठ झालेली.

गाल धरलेल्या माणसानं खिडकीतून रस्त्यावर डोकावून पाहिलं.

"वरात कुणाची ओ, मावशी?"

बनाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"आमचीच की!"