आईसमोरचा उतार

"हे बांधकाम आहे का?" साहेबांनी फोटोतल्या चौथऱ्यावर बोट ठेवलं.

"नाही साहेब, बायको आहे," अप्पा म्हणाले. "आमच्यात बसवून पुरतात. तिला तळं बघत बसायची हौस, म्हणून घरामागच्या उतारावर तळ्याकडे तोंड करून बसवलीय. परवाच्या वादळात उतार खचला. दगड रचू द्या, नाहीतर ती पाण्यात जाईल."

तळ्याकाठी दगड हलवायलाही परवानगी लागते. साहेब म्हणाले, "पाहणी करू. तोवर आहे तसं राहू द्या."

घरी येऊन अप्पांनी आईला तसं सांगितलं. मी पावसाला सांगितलं. ऐकलं फक्त आईनं.

साहेब पाहणीला आले तेव्हा उतार नव्हता, आईही नव्हती. त्यांनी टेप काढला, कुठं धरावा कळेना, म्हणून परत खिशात ठेवला.

"परवानगी मंजूर आहे, काका," ते हळूच म्हणाले.

अप्पांनी काठावरची पाटी दाखवली. तळ्यात फुलं, निर्माल्य टाकण्यास सक्त मनाई.

"साहेब, आता हिला फुलं वाहायची झाली, तर परवानगी कुणाकडं मागायची?"